ओसरीवरील वडील भाऊ

शास्त्रभाग : याकोब २:१–९, मत्तय २५:३१–४६



वर दिलेले दोन्ही शास्त्रभाग आपल्या मंडळ्यांस चांगले परिचयाचे आहेत. तरी कृपा करून पवित्र शास्त्र उघडून ते पुन्हा एकदा वाचावे, आणि मग ह्या लेखाकडे वळावे. याकोब ज्या सभेविषयी लिहितो तीत दोन मनुष्ये येतात. एकाच्या बोटात सोन्याची अंगठी आहे, दुसऱ्याची वस्त्रे मळकी आहेत. पहिल्यास मानाची जागा मिळते. दुसऱ्यास उभे राहा म्हणून सांगतात, नाहीतर पायांपाशी बसवितात. आपण खेड्यांतील ख्रिस्ती लोक हा भाग ऐकतो तेव्हा सहसा दुसऱ्या मनुष्याच्या जागी स्वतःस पाहतो. आपल्या वाडवडिलांस चावडीवर आणि पाणवठ्यावर काय सोसावे लागले हे घरोघरी ठाऊक आहे. तेव्हा हा भाग आपल्या बाजूने बोलतो असे वाटते, आणि तो तसा बोलतोही. परंतु ज्या दिवशी आपले उपासनामंदिर उभे राहिले, सतरंजी आपल्या मालकीची झाली आणि दाराची किल्ली आपल्या हाती आली, त्या दिवसापासून जागा दाखविणारे आपण झालो. ही गोष्ट मला फार उशिरा समजली. कशी समजली ते सांगतो. त्यात माझी शोभा नाही.

सन २०१८ च्या पावसाळ्यापासून मी नगर जिल्ह्यातील (२०२४ साली ज्याचे नाव अहिल्यानगर झाले) एका लहान मंडळीच्या सेवेस जात असे. शनिवारी सायंकाळी तालुक्याच्या गावी एस. टी. स्टँडवर यावे, मुक्कामी गाडी पकडावी, रात्री खेड्यात पोहोचावे, आणि रविवारची उपासना चालवावी असा क्रम होता. गाडी बहुधा उशिरा सुटे. त्यामुळे तास दीड तास फलाटावर बसण्यात जाई. फलाटाच्या शेवटास पुस्तकांचे एक बंद पडलेले दुकान होते आणि त्याच्या फळीखाली एक वृद्ध गृहस्थ राहत असत. ‘पडून असत’ असे मी लिहीत नाही, कारण ते खरोखर तेथे राहत. पहाटे आपल्यापुरती जागा झाडीत, घोंगडे घडी करून गाठोड्यात ठेवीत, आणि चहाच्या टपरीची दोन पिंपे नळावरून आणून भरीत. त्या कामाबद्दल टपरीवाला त्यांस दोन वेळ चहा, पाव आणि कधी थोडे पैसे देई. त्यांनी कोणापुढे हात पसरलेला मी पाहिला नाही. तरी त्या वेळी मी मनात त्यांस ‘तो म्हातारा’ एवढेच म्हणत असे.

एके सायंकाळी त्यांच्या हाती चहाचा पेला आला, तेव्हा त्यांनी डोक्यावरची टोपी काढून मांडीवर ठेवली, एक श्वास घ्यावा इतका वेळ डोळे मिटले, आणि मग टोपी घालून चहा प्याले. एवढेच झाले. स्टँडवर शंभर माणसे होती. कोणाच्या लक्षात ते आले असेल असे वाटत नाही. मी मात्र चमकलो. जवळ जाऊन “सलाम, बाबा,” म्हणालो. त्यांनी माझ्या हातातील पुस्तकाकडे पाहिले आणि “सलाम, मास्तर,” असे उत्तर दिले.

आता वाचक म्हणतील की येथून आमची मैत्री सुरू झाली. नाही. येथून माझा दानधर्म सुरू झाला. पुढच्या शनिवारी मी त्यांस बिस्किटांचा पुडा दिला; त्याच्या पुढच्या शनिवारी जुना सदरा; मग कधी दहा रुपये, कधी वीस. ते घेत आणि आशीर्वाद देत. गाडी लागली की मी चढून जाई, आणि खिडकीशी बसून माझे मन फार प्रसन्न असे. असे सात महिने चालले. सात महिन्यांत मी त्यांस त्यांचे नाव विचारले नाही!

लूककृत शुभवर्तमानाच्या सोळाव्या अध्यायात प्रभूने श्रीमंत मनुष्याची आणि त्याच्या दाराशी टाकलेल्या दरिद्र्याची गोष्ट सांगितली आहे. प्रभूच्या सर्व दाखल्यांत पाहा: पेरणारा आहे, मेंढपाळ आहे, उधळ्या पुत्राचा बाप आहे, दहा कुमारी आहेत, परंतु ह्यांपैकी कोणाचे नाव प्रभू सांगत नाही. एकट्या त्या दरिद्र्याचे नाव सांगतो. तो लाजार. ‘देव साहाय्य करतो’ असा त्या नावाचा अर्थ आहे. जांभळी वस्त्रे नेसणाऱ्या धन्याचे नाव मात्र शेवटपर्यंत कळत नाही. जगाची रीत याच्या उलट आहे. गावात मोटारगाडीतून कोणी आला की त्याचे नाव, आडनाव, हुद्दा आणि सोयरे अर्ध्या तासात सर्वांस ठाऊक होतात. स्टँडवर वर्षभर निजणारा मनुष्य ‘तो म्हातारा’ राहतो. मी मिशनच्या शाळेत शिकलो, चाळीस वर्षे उपदेश केला, लाजारावर किती वेळा बोललो ह्याची गणती नाही. माझी रीत मात्र जगाचीच होती.

पुढील फेब्रुवारीत एका शनिवारी बाबा माझी वाट पाहत उभे होते. टोपी धुतलेली होती. ते म्हणाले, “मास्तर, आज चहा माझ्याकडचा घ्या.” त्यांनी मूठ उघडली, तीत सुटी नाणी होती. टपरीवाल्याने सणानिमित्त काही जास्त दिले होते असे मागाहून कळले. मी काय म्हणालो? “राहू द्या, बाबा. तुम्हांलाच पुरत नाही. तुम्हीच घ्या.” बोलण्यात काही वाईट नव्हते. मला तर ते दयेचे बोलणे वाटले. बाबांनी एकेक नाणे परत चंचीत टाकले, “बरं,” म्हणाले, आणि आपल्या फळीकडे गेले. त्या दिवशी त्यांनी माझे बिस्किट घेतले, पण शेजारी बसले नाहीत. पुढच्या शनिवारीही बसले नाहीत.

योगायोग असा की त्या रविवारी योहानाच्या चौथ्या अध्यायावर बोलावयाचे होते. मुक्कामी गाडीत दिव्याचा उजेड मंद असतो. तरी मी पुस्तक उघडून वाचू लागलो. प्रभू दमून विहिरीवर बसला आहे, आणि शोमरोनी बाईशी त्याचे पहिले बोलणे काय? तो तिला उपदेश करीत नाही, काही देऊ करीत नाही. तिच्याजवळ पाणी मागतो. मी पुस्तक मिटले. मग एकामागून एक गोष्टी आठवू लागल्या. जक्कयाच्या घरी तो आपण होऊन पाहुणा झाला. शिमोनाकडून मचवा मागून घेतला. यरुशलेमेत शिरताना शिंगरू दुसऱ्याचे. वल्हांडणाची माडी दुसऱ्याची. शेवटी कबरही दुसऱ्याची. गालीलातील स्त्रियांनी आपल्या पदरचे खर्चून त्याची सेवा केली हे लूक आठव्या अध्यायात स्पष्ट लिहितो, आणि प्रभूने त्यांस “राहू द्या” म्हटले असे कोठे लिहिलेले नाही. कोल्ह्यांस व पाखरांस ठिकाण आहे, आपणास नाही, असे ज्याने स्वतःविषयी सांगितले, तो देणाऱ्या हातांचा मान राखीत होता. आणि मी, ज्याचे घर आहे, निवृत्तिवेतन आहे, त्याने एका मनुष्याची मूठ उघडलेली पाहून ती बंद करविली होती.

जो नेहमी देतो आणि कधीच घेत नाही तो मित्र नसून सावकार असतो, मग त्याचे व्याज आशीर्वादांत का घेतलेले असेना.

पुढील शनिवारी मी बिस्किटे घेतली नाहीत. रिकाम्या हाताने गेलो आणि म्हणालो, “बाबा, त्या दिवशीचा माझा चहा तुमच्याकडे राहिला आहे.” त्यांनी माझ्याकडे थोडा वेळ पाहिले. “राहिलाय खरा,” म्हणाले. आम्ही टपरीच्या बाकड्यावर बसलो. दोघांनी टोपी काढली. त्यांनी पैसे दिले, टपरीवाल्यानेही ते निमूटपणे घेतले. तो माझ्याहून शहाणा होता. मग मी त्यांचे नाव विचारले आणि त्यांनी सांगितले. ते नाव मी येथे छापीत नाही. त्यांनी ते मित्राला सांगितले होते, वर्तमानपत्राला नव्हे.

त्या दिवसापासून थोडे थोडे करून त्यांची हकीगत मला कळत गेली. त्यांची आई लहानपणी पुणे जिल्ह्यातील केडगाव येथे, पंडिता रमाबाईंनी स्थापिलेल्या मुक्तिसदनात वाढली होती. तेथे ती वाचावयास शिकली. तिने मुलास स्तोत्रे तोंडपाठ करविली. बाबांस स्वतःस अक्षर लावून लावून वाचता येई, परंतु डोळे अधू झाल्यावर तेही राहिले होते. तोंडपाठ होते ते मात्र कोणी नेऊ शकत नव्हते. त्यांनी तरुणपणी कालव्याच्या व बंधाऱ्याच्या कामावर बिगारी केली, पुढे शहरात एका गोदामावर रात्रीचे राखणदार होते. एकुलता मुलगा तरुणपणी वारला, मग बायको गेली. खोली भाड्याची होती. मालकाने ती चाळ पाडली. गावी परत आले तो वडिलार्जित घराच्या भिंती पावसात बसलेल्या, आणि भाऊबंदांची घरे माणसांनी भरलेली. “त्यांचंच त्यांना पुरंना, मास्तर. कुणावर राग धरू?” ते म्हणाले. आणि खरोखरच त्यांच्या बोलण्यात राग नव्हता. मला मात्र आला. कोणावर, ते मला त्या वेळी नीट सांगता आले नसते.

येथे थोडे विषयांतर करतो. आपल्या देशात घर सोडणाऱ्याचा मान मोठा आहे. नारायण वामन टिळकांनी १९१७ साली मिशनची नोकरी सोडून संन्यस्त वृत्ती धरिली, ह्याचा आपणास अभिमान वाटतो. साधू सुंदरसिंग अनवाणी हिंडत राहिले आणि १९२९ साली तिबेटाकडे गेले ते परत आले नाहीत. त्यांची चरित्रे आपण मुलांस वाचावयास देतो. हे योग्यच आहे. परंतु ज्याने घर सोडले त्यास आपण साधू म्हणतो, आणि ज्यास घराने सोडले त्यास भिकारी म्हणतो. दोघेही त्याच दगडावर निजतात, त्याच आकाशाखाली प्रार्थना करतात. पंडिता रमाबाईंस हा भेद मान्य नव्हता, कारण त्यांनी स्वतः तो भोगला होता. बालपणापासून त्या आईबापांबरोबर तीर्थोतीर्थी पायी हिंडल्या, दुष्काळात उपासमारीने आईबाप व बहीण गमावली, आणि भावासह पुन्हा वाट धरिली. १८९६–९७ चा दुष्काळ पडला तेव्हा त्यांनी शेकडो निराधार मुलीबायका गोळा करून आणल्या, त्या दुरून दया करणाऱ्या बाईने आणल्या नव्हत्या. ज्या बाईचे पाय त्या रस्त्याने गेले होते तिने आणल्या होत्या.

आणखी एक गोष्ट खेड्यांतील सेवकांनी ध्यानात ठेवावी. बेघर मनुष्य म्हणजे मुंबईच्या पदपथावरचा मनुष्य, असे आपण समजतो. २०११ च्या खानेसुमारीत २८ फेब्रुवारीच्या रात्री देशभर बेघर लोकांची मोजणी झाली. ती संख्या सुमारे १७ लक्ष ७३ हजार भरली. आणि त्यांपैकी सुमारे ८ लक्ष ३४ हजार लोक ग्रामीण भागातील होते. म्हणजे जवळजवळ निम्मे आपल्याच भागांत: स्टँडच्या शेडमध्ये, बाजारतळावर, देवळाच्या धर्मशाळेत, बंद गिरणीच्या आडोशास. एका रात्रीत मोजून सर्व सापडले असतील असे मला वाटत नाही. बाबा मोजले गेले असते की नाही कोण जाणे. पहाटे त्यांची जागा झाडून अशी स्वच्छ असे की तेथे कोणी राहतो हे दिसूच नये.

असो. पुढे मी त्यांस खेड्यातील उपासनेस येण्याविषयी विचारले. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, “जातानाचं तिकीट तुमचं, येतानाचं माझं. असं असेल तर येतो.” असा ठराव होऊन २०१९ च्या उन्हाळ्यापासून ते महिन्यातून दोनदा माझ्याबरोबर येऊ लागले. रात्री मंदिराच्या ओसरीवर निजत.

पहिल्या रविवारी ते आत येऊन सतरंजीच्या कडेस बसले. सदरा धुतलेला होता, पण ज्यास न्हाणीघर नाही त्याच्या अंगास स्टँडचा वास राहणारच. आमच्या एका पंचाने अगदी गोड शब्दांत त्यांस म्हटले, “बाबा, तुम्ही बाहेर ओसरीवर बसा. तिथं वारा चांगला लागतो.” मी समोर पुस्तक उघडून उभा होतो. मी ते ऐकले. बाबा उठले, टोपी हातात घेऊन बाहेर गेले. आणि मी काय केले? मी गीताचा क्रमांक सांगितला.

बंधूंनो, याकोबाच्या पत्रात जागा दाखविणाऱ्याचे शब्द आहेत. परंतु ते ऐकून गीत सुरू करणाऱ्या उपदेशकाविषयी तेथे काही लिहिलेले नाही. त्या पंचास मी दोष देत नाही. तो प्रामाणिक गृहस्थ आहे, मंदिराच्या पत्र्यांसाठी त्याने स्वतःची शेळी विकली होती. त्यास स्वच्छतेची आस्था होती इतकेच. त्यास थांबविण्याचे काम माझे होते.

बाबा दहा महिने ओसरीवर बसले. फक्त एका विधवा बहिणीने तिसऱ्या की चौथ्या रविवारी आपले बसकूर उचलले आणि बाहेर जाऊन ती दाराच्या दुसऱ्या अंगास बसू लागली. कोणी विचारले तर “आत उकडतं” म्हणे. डिसेंबरातही तिला उकडत असे.

नाताळाच्या आधी बाबांनी मला विचारले की प्रभुभोजनास बसता येईल काय. मी गोष्ट पंचांपुढे ठेविली. त्यांनी विचारले, त्यांचा बाप्तिस्मा कोठे झाला, मंडळीचा दाखला आहे काय? दाखला नव्हता. ज्या मंडळीत बाप्तिस्मा झाला तेथील जुनी वही सापडत नव्हती. दाखल्याची पद्धत वाईट नाही. तिच्यामुळे मंडळीत शिस्त राहते हे मीही मानतो. पण ज्या मनुष्याचे घर, खोली, बायको, मुलगा, सर्व गेले त्याच्याजवळ कागद तेवढा राहिला असेल अशी अपेक्षा करणे विचित्र होते. सर्वांनी माझ्याकडे पाहिले. मी “पाहू,” म्हणालो. त्या एका शब्दात नाताळ गेला आणि पुढचे दोन महिनेही गेले.

मग मार्च २०२० उजाडला. २५ तारखेपासून देशभर टाळेबंदी झाली, एस. टी. बंद पडली, स्टँड ओस पडले. मी शहरात माझ्या मुलाच्या घरी अडकलो. टपरीवाल्याचा फोन लागला तेव्हा त्याने सांगितले की टपरी बंद आहे, बाबांस कोणी सरकारी माणसांनी इतरांबरोबर एका शाळेत नेले. कोणत्या, ते त्यास ठाऊक नव्हते. त्या एप्रिलात मी प्रार्थनेस बसलो की मला फलाटावरची ती झाडलेली जागा दिसे. देवाने मला विचारले असते की तुझा भाऊ कोठे आहे, तर माझ्याजवळ काइनाहून फार चांगले उत्तर नव्हते.

जूनमध्ये ते सापडले. जिल्हा परिषदेच्या एका शाळेत अडकलेल्या मजुरांबरोबर त्यांस ठेविले होते. मजूर आपापल्या गावी गेल्यावर ते तेथेच मागे राहिले, कारण त्यांस परत जाण्यास गाव नव्हते. बारीक झाले होते. मला पाहून त्यांनी टोपी काढली आणि स्वतःविषयी एक शब्द न बोलता आमच्या मंडळीतील माणसांची चौकशी सुरू केली. अमक्याचा दमा कसा आहे? अमकीचे बाळंतपण सुखरूप झाले काय? त्या पंचाचेही नाव घेतले. ज्यांच्याशी ते दोन शब्दही कधी बोलले नव्हते अशांची नावे त्यांच्या तोंडून येऊ लागली. मी विचारले, “बाबा, ही सारी नावं तुम्हांला कशी ठाऊक?” ते म्हणाले, “शब्बाथशाळेची हजेरी बाहेर ऐकू येते की.” दहा महिने ओसरीवर बसून त्यांनी हजेरी ऐकली होती, मुलांच्या नावांवरून घरे ओळखली होती, आणि शाळेच्या त्या वर्गात रोज रात्री एकेक घर घेऊन ते प्रार्थना करीत होते. ज्यांनी त्यांस बाहेर बसविले त्यांची दारे ते आतून ओळखत होते.

मत्तयाच्या त्या अध्यायात राजा उजवीकडच्या लोकांपुढे ज्या लहानांचा उल्लेख करतो त्यांस तो काय म्हणतो हे पुन्हा पाहावे. त्यांस तो याचक म्हणत नाही, अनाथ म्हणत नाही. आपले भाऊ म्हणतो. आम्ही हा भाग वाचून ठरविले होते की आपण देणारे आहोत आणि बाबा घेणारे आहेत. त्या शाळेच्या पायरीवर मला कळले की वर्षभर आमच्या मंडळीचे वडीलपण कोणी केले असेल तर ते ओसरीवर बसलेल्या त्या मनुष्याने केले.

माझ्या ह्या अनुभवावरून सेवकबंधूंस चार गोष्टी सांगाव्या असे वाटते. पहिली ही की स्टँडवर निजणारा प्रत्येक जण बाबांसारखा असेल अशी आशा धरू नये. कोणी दारू प्यालेला असतो, कोणी शिव्या देतो, कोणाचे डोके ठिकाणावर नसते. मैत्री म्हणजे चांगल्या वर्तणुकीचे बक्षीस नव्हे. आपणांस ती तशी मिळाली नाही. दुसरे, अशा मनुष्यास काही देताना मोबाईलवर फोटो काढून मंडळीच्या ग्रुपवर पाठविण्याची जी चाल पडली आहे ती बंद करावी. मत्तयाच्या सहाव्या अध्यायात कर्ण्याविषयी सांगितले आहे. तो कर्णा आता खिशात मावतो. कागदपत्रांच्या कामात मात्र हयगय करू नये, कारण तेथे आपले शिक्षण त्याच्या खरोखर उपयोगी पडते. पासष्ट वर्षांवरील निराधारांसाठी राज्य सरकारची श्रावणबाळ योजना आहे. अर्ज तहसील कचेरीत द्यावा लागतो आणि रहिवासाचा पुरावा मागतात. बेघराजवळ नेमका तोच नसतो, म्हणून त्याच्याबरोबर खेटे घालणारा कोणी तरी लागतो. शहरांतून बेघरांसाठी रात्रनिवारे असावेत असा आग्रह सर्वोच्च न्यायालयाने २०१० पासून धरिला. आपल्या जिल्ह्याच्या ठिकाणी तो कोठे आहे हे पाहून ठेवावे. भीक प्रतिबंधाचा १९५९ चा जो मुंबई कायदा आहे, त्याच्या व्याख्येत उपजीविकेचे साधन न दिसता सार्वजनिक जागी वावरणारा मनुष्यही येऊ शकतो. म्हणून अशी माणसे गणवेश पाहून लपतात. ती लपली म्हणजे चोर असतात असे समजू नये.

आणि उपदेशाची घाई करू नये. बाबा मला एकदा म्हणाले की सात महिने मी त्यांस बिस्किटाबरोबर एकेक वचन देत असे, आणि ती सर्व त्यांस पाठ होती. मला लाजवावे म्हणून ते बोलले नाहीत. त्यांस हसू आले होते.

त्यांस स्वतःस सर्वांत आवडे ते नव्वदावे स्तोत्र, मोशेच्या नावचे, ज्यात देवालाच पिढ्यान्‌पिढ्यांचे घर म्हटले आहे. ते म्हणत, “मोशेला तरी कुठं घर होतं, मास्तर? चाळीस वर्षं तंबूच.”

राज्यातील उपासनास्थळे १६ नोव्हेंबर २०२० रोजी पुन्हा उघडली. त्याच आठवड्यात पंचांची सभा झाली. मी आधी उभा राहिलो आणि पहिल्या रविवारी मी जे ऐकले व जे केले नाही ते सर्वांसमोर सांगितले. नंतर शाळेत बाबांच्या तोंडून ऐकलेली नावे, मला आठवली तेवढी, वाचून दाखविली. कोणी काही बोलले नाही. बराच वेळ गेला. मग तोच पंच उठला, कपाटातून मंडळीची वही काढली आणि बाबांस बोलावण्यास स्वतः बाहेर गेला.

मंदिरामागील सामानाच्या खोलीविषयी त्याच सभेत ठरले. फुकट राहणार नाही, असे बाबांनी सांगितले. म्हणून घंटा वाजविणे आणि झाडलोट ही कामे त्यांच्याकडे आली. ती त्यांनी २०२३ च्या श्रावणापर्यंत, म्हणजे प्रभूकडे जाईपर्यंत केली. त्यांस माती देताना दाखल्याची गोष्ट कोणी काढली नाही.

पण हे पुढचे झाले. त्या सायंकाळी बाबा आत आले, सतरंजीवर बसले. पंचाने चष्मा लावला आणि रकाने भरू लागला. नाव, वडिलांचे नाव, अंदाजे वय. बाप्तिस्म्याच्या रकान्यात ‘आईच्या सांगण्याप्रमाणे लहानपणी’ असे लिहिले. मग राहण्याच्या ठिकाणाचा रकाना आला. त्याने लेखणी थांबविली आणि माझ्याकडे पाहिले. मी बोलणार इतक्यात त्याने मान खाली घालून लिहिले, ‘येथील’. आणि शाई वाळेपर्यंत वही तशीच उघडी धरून बसला.